रुमालाखालची बोटं

१२ जानेवारी २०२५, रविवार

माझी चाळणी गेली. दुकानातली जुनी, लोखंडी, जाड जाळीची. सोयाबीनमधला काडीकचरा काढायला चाळीस वर्षं वापरली ती. दुपारभर गोदामात शोधली, हमालांवर ओरडलो. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर गच्चीवर! चार विटा, विटांच्या मधे कोळसा, कोळशावर माझी चाळणी आणि चाळणीवर कोंबडीच्या तंगड्या.

मृत्युंजय पाटावर बसलेला. मान वर केली नाही. म्हणाला, "अप्पा, खाली जा. तुमाला बघवणार न्हाई."

लिंगायताच्या घरात, माझ्या देवघराच्या बरोबर वर, मांस. खाली आलो. कमलम्मा लसूण सोलत बसली होती. "तुला ठाऊक होतं?" म्हणालो. म्हणाली, "होतं. पाच महिन्यांनी पोरगं अंथरुणातून उठून कायतरी करून राहिलंय. ओरडलात तर मी भालकीला जाते." या वयात माहेरी जाणार! तिथं आता ओळखायला तरी कोण आहे हिला?

ओरडलो नाही. जेवलोही नाही.

१३ जानेवारी

सोमवार. गच्ची बंद होती. एवढी लाज तरी बाकी आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

कमलम्मानं तिळगूळ दिला. मृत्युंजयनं तोंडात टाकला, लई वेळ चावला. "गोड हाय," एवढंच म्हणाला. तीळ खमंग भाजलेत, वेलदोडा आहे, घरचं तूप आहे, त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू तेवढं कळतं. बाकी सगळं नाकाचं काम असतं म्हणे, आणि नाक गेलंय.

ऑगस्टमध्ये नांदेडहून येताना लोह्याच्या अलीकडं गाडी घसरली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. डोक्याला मार. टाके निघाले, चक्कर थांबली, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात आला तर आला. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब अशा चार बाटल्या रोज सकाळी हुंगायला सांगितल्यात. हुंगतो, मान हलवतो, ठेवून देतो. कमलम्मा दारात उभी राहून बघते. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करतो.

अठ्ठावीस वर्षांचं पोरगं. पुण्याच्या हॉटेलात सहा वर्षं होता. भाऊबंदांना मी "मॅनेजर हाय" म्हणून सांगायचो. जपानी, कोरियन, थाई पद्धतीचं मांस निखाऱ्यावर भाजायचं काम करतो हे मला ठाऊक होतं. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. हॉटेलवाले आता म्हणतात, बरा झाला की ये. ज्याला शिळा मासा आणि ताजा मासा सारखाच, त्याला भट्टीपुढं कोण उभं करणार?

१५ जानेवारी

कमलम्माकडून सगळं कळलं. हरिओम म्हणून कुणी आहे नांदेडचा, विष्णुपुरीला हॉटेल काढून राहिलाय. मृत्युंजयचं काम त्यानं पुण्यात पाहिलंय. ९ मार्चला बोलावलंय. चार पदार्थ करून दाखव, पसंत पडले तर भट्टी तुझी. नाकाचं त्याला माहीत नाही. म्हणून ही गच्ची, म्हणून माझी चाळणी. वास नसताना जमतं का, ते पोरगं बघून राहिलंय.

नाही जमलं तर? हे मी कमलम्माला विचारलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या तुळजाबाईला आज कठड्यावरून वास लागला. पाटलाची बाई, सगळं खाते आणि सगळं बोलते. "मालक, गल्लीत बसवना झालंय वो!" म्हणत सरळ जिना चढून वर. मृत्युंजयनं तिला ताटली दिली. मी खाली झोपाळ्यावर. पण तिचा आवाज पार धान्याच्या मोंढ्यापर्यंत ऐकू जातो.

"वरून झकास हाय बाबा. पण मागून कडू लागायलंय."

मंग मृत्युंजयचा आवाज, "जळलंय काय, मावशी?" "जळलंयच की. तुला कळलं न्हाई?"

मला कळलं होतं. दहा मिनिटं आधी, खाली बसून. तंगड्यांना लावलेल्या लेपात गूळ होता. गूळ आधी खरपूस होतो, मंग धरतो, मंग जळतो. तिन्ही वास माझ्या नाकात एकामागून एक आले. आणि मी झोपाळा हलवत बसलो. मांसाबद्दल मी कशाला बोलू म्हणून.

पोराच्या नाकाखाली जळत होतं. त्याला दिसलं नाही कारण लेपच काळा होता.

२० जानेवारी

झोप नीट लागली नाही. मला कळलं होतं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी गच्ची. खुर्ची घेऊन गेलो आणि चाळणीकडं पाठ करून बसलो. म्हणालो, "मी बघणार न्हाई. शिवणार न्हाई. नाकानं सांगतो." तो लगेच कोळसा सारखा करायला लागला, तेवढ्यावरून ओळखायचं.

माझं नाक म्हणजे साधं नाक नाही, हे मी लिहिलं तर काही बढाई होत नाही. मूठभर दाणा नाकाशी धरायचा, एक दाताखाली फोडायचा आणि ओल सांगायची. आता मोंढ्यात मशीन आलंय. मशीनचा आकडा येईस्तोवर माझा सांगून झालेला असतो.

मृत्युंजयनं एक बाटली पुढं केली. "हुंगून सांगा, कशाची हाय?" झाकण काढलं आणि मी गारच पडलो. पावसाचं पाणी गोदामात शिरलं, पोती आतून तापली आणि आठ दिवसांनी थप्पी फोडली की जो वास येतो, त्याचा सख्खा भाऊ! म्हणालो, "सोयाबीन हाय. कुजलेलं." तो हसला. "मुद्दाम कुजवलेलं, अप्पा. गव्हासंगं, मिठाच्या पाण्यात. चांगलं असंल तर दोन-दोन वर्षं ठेवतात." सोया सॉस सोयाबीनचा असतो हे ऐकून होतो. पण तो असा होतो हे मला, लातूरच्या आडत्याला, आज कळावं!

त्यात मांस नाही म्हणून बोटावर घेऊन चाखला. आधी खारट, मंग गोडसर, मंग आणखी काहीतरी ज्याला माझ्याकडं शब्द नाही. चाळीस वर्षं ज्या वासाला मी नापास करत आलो, पोती परत लावत आलो, त्याच वासासाठी तिकडं माणसं दोन वर्षं वाट बघत बसतात. बाटली चार वेळा उघडली. शेवटी त्यानं काढून घेतली.

२ फेब्रुवारी, रविवार

आज त्याचा कान बघितला. म्हणजे पाठ करूनच बसलो होतो, पण मान किती वेळ धरून ठेवणार?

तो भाजताना वाकतो आणि डावा कान चाळणीशी नेतो. म्हणाला, मांसातलं पाणी उडतं तेव्हा एक आवाज असतो आणि चरबी गळायला लागली की दुसरा. मला नुसतं चरचर ऐकू येतं. त्याला त्यात दोन आवाज येतात. मंग बोटानं तंगडी दाबतो आणि लगेच आपल्याच अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघतो. दोन्ही सारखे लागले की उचलतो. पुण्यात हे असं करत नव्हता म्हणे. नाक गेल्यावर कानाला आणि बोटाला शिकवलं, एकट्यानं, अंथरुणावर पडून, आईनं तव्यावर टाकलेल्या भाकरीचा आवाज ऐकून ऐकून.

मला वाटत होतं पोरगं भिंतीकडं तोंड करून नुसतं पडलंय.

मी मधेमधे "आता धरायलंय, आता उलट" म्हणत होतो तर म्हणाला, "अप्पा, बोलू नका. बोललात की मला चरबी ऐकू येत न्हाई." आता काय करायचं? तोंड उघडायचं नाही आणि नाकानं सांगायचंय! तेव्हा डोक्यात आलं. आमच्या वडलांच्या वेळी मोंढ्यात भाव तोंडानं होत नव्हते. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोट दाबून भाव सांगायचा, शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता नाही. मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा डावा हात धरला आणि वरून टाकला. एक बोट दाबलं म्हणजे उलट. दोन म्हणजे विस्तवावरून बाजूला घे. मूठ आवळली म्हणजे जळतंय, उचल.

तासभर असे बसलो. मी कठड्याकडं तोंड करून, तो विस्तवाकडं. पोराचा हात मी शेवटचा कधी धरला होता ते आठवेना. हाताला जागोजागी चटके बसल्याच्या खुणा आहेत. मला एकही माहीत नव्हती.

तुळजाबाई ताटली चाटून म्हणाली, "आज कडू न्हाई."

६ फेब्रुवारी

कमलम्माही फितूर झाली. कुंडीतला गवती चहा मृत्युंजयनं मुळापासून उपटला, तर ओरडायच्या ऐवजी विचारते कशी, "कशाला रे?" थाई लोक त्याचे पांढरे दांडे ठेचून मांसाला चोळतात म्हणे. आपण फक्त पाती चहात टाकतो आणि दांडा फेकून देतो. काड्यांवर लावून भाजायच्या कोंबडीसंगं शेंगदाण्याची पातळ चटणी लागते, नारळाचं दूध आणि चिंच घालून. हिनं पाटा धुतला आणि वाटून दिली. वर म्हणते, "हे तर आपलंच हाय, त्यात काय शिकायचं?" मी भाकरीसंगं खाल्ली. दोनदा घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझी फजिती झाली. लिहून ठेवतो, कारण तुळजाबाई गल्लीभर सांगणारच आहे.

हरिओमचा फोन आला म्हणून मृत्युंजय जिन्यात गेला. "अप्पा, दोन मिनिटं तंगड्या बघा." मी खुर्ची वळवली. चिमटा हातात घेतला. आता निखाऱ्यावर भाजायची म्हणून आयुष्यात मला एकच गोष्ट ठाऊक आहे, वांगं. साल काळीठिक्कर पडली पाहिजे, जागोजागी फुटली पाहिजे, रस गळून विस्तव फसफसला पाहिजे. मंगच आत शिजलं समजायचं. दोन मिनिटांची पंधरा झाली. मी मनापासून भाजलं. सगळीकडून सारखं काळं केलं. मंग चिमट्यानं उचलून पाण्याच्या पातेल्यात सोडलं, साल सुटावी म्हणून.

पोरगं आलं. मी म्हणालो, "झालंय. साल काढायची तेवढी तू काढ."

ते पातेल्याकडं बघत उभं राहिलं. मंग खाली बसलं. मला वाटलं रडतंय. हसत होतं! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ऑगस्टपासून पहिल्यांदा. कमलम्मा खालून धावत आली, काय झालं म्हणून. तिला बघून आणखी हसायला लागलं.

मंग त्यानं खरंच साल काढली. आतलं मांस बोटांनी सोडवलं, त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, भाजलेल्या तांदळाची भरड, शेंगदाणे. म्हणाला, थायलंडकडं असं कालवून करतात, पण धुराचा एवढा वास त्यांच्याही कालवणाला नसंल. तुळजाबाईनं पहिला घास घेतला आणि बोलायचीच बंद झाली. ती बाई गप्प! मंग डबा मागवून उरलेलं घरी घेऊन गेली.

चौथा पदार्थ ठरला. कोंबडीचं भरीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकही चूक नाही. जपानी काड्या, थाई काड्या, कोरियन पद्धतीच्या मटणाच्या पातळ चकत्या, भरीत. चकत्यांना कच्च्या पपईचा कीस लावून ठेवला होता. विस्तवावर पडल्या की चार श्वास, उलट, तीन श्वास, उचल. एवढ्या वेळात वास तीन वेळा बदलतो. मी बोट दाबेपर्यंत त्याचा हात हललेला असतो, किंवा तो हलवेपर्यंत मी दाबलेलं असतं. कोण कुणाला सांगतंय ते कळत नाही.

मी त्या मांसाचा कण खाल्लेला नाही, खाणारही नाही. पण खरं लिहितो. संध्याकाळच्या उजेडात तो वाकून बसला होता, निखाऱ्यावर हलक्या हातानं वारा घालत होता, लेप चकाकत होता, आणि मला आमच्या जंगम स्वामींची पूजा मांडायची पद्धत आठवली. एवढी एकाग्रता मी पूजेत आणू शकलेलो नाही. असं म्हणणं पाप असेल तर असो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या यात्रेला दोघं जाऊन आलो. रांगेत चुलतपुतण्या वीरभद्र भेटला. चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, "काका, तुमच्या गच्चीवर सध्या लई धूर निघायलाय म्हणे." मी म्हणालो, "पोरगं शिकायलंय." "काय शिकायलंय?" "भाजायला." "काय भाजायला?" कमलम्मानं माझा सदरा मागून ओढला. मी म्हणालो, "कोंबडी." तो खाली बघायला लागला. रांग पुढं सरकली.

गाभाऱ्यात जाईपर्यंत ठरवलं होतं की माफी मागायची. हात जोडले आणि तोंडातून भलतंच गेलं. म्हणालो, माझं नाक आता म्हातारं झालंय, माझ्याकडून घे आणि त्याला दे.

२ मार्च, रविवार

मृत्युंजयला विचारलं, "हरिओमला सांगायचं का?" म्हणाला, "आधी खाऊ द्या. मंग सांगू." मला पटलं नाही. आम्ही नमुना पोत्याच्या मधून काढून दाखवतो, वरचा निवडक दाणा दाखवत नाही. तसं म्हणालो. तो म्हणाला, "अप्पा, पोतं उघडूच दिलं न्हाई तर नमुना कुठून दाखवू?"

मी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

९ मार्च, रविवार

नांदेडहून आलो. लगेच लिहितो.

चाळणी सोबत नेली होती. हरिओम चांगला माणूस वाटला, चाळिशीचा, बोलायला मऊ. माझ्या कपाळावरची विभूती बघून जरा बिचकला. "तुमाला बाहेर बसायचं असंल तर खुर्ची टाकतो, काका." म्हणालो, "न्हाई, मी पोराजवळ बसतो."

रुमाल टाकला. सुरू केलं. पोराला असं काम करताना मी बघितलं नव्हतं. घरी भाजायचा ते काहीच नव्हतं असं वाटावं. चारही पदार्थ एकामागून एक. हरिओम आणि त्याच्या घरची शिल्पा म्हणून बाई, दोघं उभ्यानंच खात होते. भरीत खाल्ल्यावर तिनं नवऱ्याच्या ताटलीतलंही उचललं. हरिओम म्हणाला, "हे कुठं शिकलास?" पोरगं म्हणालं, "घरी. अप्पांनी शिकवलं." मला हसू आवरेना.

मंग हरिओमचं लक्ष रुमालाकडं गेलं. "तेवढं रुमालाखाली काय चाललंय, काका?"

मृत्युंजयनं माझा हात घट्ट धरला. मी खोटं बोलायला तयार होतो. खरंच होतो. म्हातारपण आहे, हात कापतो, पोरगं धरून ठेवतंय, असं काहीतरी. पण त्यानंच रुमाल काढला. म्हणाला, "मला वास येत न्हाई. अपघातात गेला. नाक अप्पांचं हाय, हात माझे."

हरिओमनं हातातली ताटली खाली ठेवली. शिल्पाबाईच्या डोळ्यांत पाणी. मंग तो म्हणाला, "असलं मी पुण्या-मुंबईतही खाल्लं न्हाई. पण मृत्युंजय, रोजचं शंभर माणूस. एक दिवस मटण उतरलेलं आलं आणि तुला कळलं न्हाई तर? काका रोज लातूरहून येणार का?" रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. बरोबर बोलत होता.

येताना लोह्याजवळ, गाडी घसरली ती जागा आली तेव्हा, पोरानं खिडकीकडं तोंड केलं. मी रुमाल न टाकता त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

१० मार्च

चारही बाटल्या त्यानं आज हुंगल्या नाहीत. कमलम्मानं पुढं ठेवल्या तर म्हणाला, "राहू दे, अव्वा."

१३ मार्च, होळी

जेवताना म्हणाला, "पुण्याची खोली रिकामी करून येतो. मंग दुकानात बसतो तुमच्यासंगं."

दहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. एकुलता एक पोरगा, चालता धंदा, मोंढ्यात नाव. पुरणपोळी बाजूला सारली. "बरं," म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो?

१४ मार्च

दुपारच्या गाडीनं गेला. चाळणी घासून, पुसून दुकानात आणून ठेवली होती त्यानं. हमालानं त्यावर सोयाबीन ओतलं तर मी ओरडलो. का ओरडलो ते त्याला कळलं नाही.

१६ मार्च, रविवार

आज मी काय केलं ते फक्त इथं लिहितो.

मृत्युंजय उद्या पहाटे येणार. दिवसभर घर खायला उठलेलं. दुपारी पिशवी घेतली आणि चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. कपाळावर विभूती तशीच. पुसावी असं मनात आलं, मंग वाटलं, पुसून काय लपणार? दुकानदार ओळखीचा निघाला, मोंढ्यात येतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं कुणी उभं आहे का बघितलं. मी म्हणालो, "तंगड्या द्या. दोन पिशव्यांत बांधा." त्यानं तीन पिशव्यांत बांधल्या. एक शब्द बोलला नाही, भला माणूस.

चाळणी परत वर आणली. कोळसा पेटवला. लेप कमलम्मानं करून दिला, तोंडानं "शिव शिव" चालू होतं पण गूळ बरोबर पडला. मला बघायचं होतं, जमतं का. मला जमलं तर मी हरिओमला सांगणार होतो की काका येतील, विष्णुपुरीला खोली घेऊन राहतील, दुकानाचं काय व्हायचं ते होवो.

सगळं नाकानं केलं. गूळ खरपूस झाला तेव्हा उलटलं, धरायच्या आधी बाजूला घेतलं. रंग सुरेख आला. कान लावून बघितला. एकच आवाज, चरचर. बोटानं दाबायची हिंमत झाली नाही म्हणून चिमट्यानं दाबलं, काही कळलं नाही. तुळजाबाईला हाक मारली.

तिनं एक घास घेतला. मंग तंगडी उलटी करून बघितली. "मालक, वरून झकास हाय. आत कच्चं हाय."

म्हणजे नाक हे एवढंच. उरलेलं सगळं त्याच्या कानात आणि त्या चटके बसलेल्या बोटांत आहे. एवढा मोठा कारागीर माझ्या घरात जन्मला आणि मी लोकांना "मॅनेजर हाय" सांगत होतो! तिथंच बसून हरिओमला फोन लावला. म्हणालो, "नाक कुणाचंही मिळंल तुमाला. शिल्पाबाईंचं चालंल, हुंगायला दोन दिवसांत मी शिकवतो. हात दुसरे मिळणार न्हाईत. आज करून बघितलं, म्हणून सांगायलोय." तो म्हणाला, "विचार करू द्या, काका." फोन ठेवायच्या आधी शिल्पाबाईचा आवाज आला, "मी शिकते म्हणावं."

पोराला यातलं काही कळू द्यायचं नाही. हरिओमचं काही ठरलं तर ठरलं, नाही तर उगीच आशा लागायची. तुळजाबाईला कमलम्माच्या गळ्याची शपथ घातली. राख गोळा करून टाकली, विटा कोपऱ्यात रचल्या, गच्ची धुतली, चाळणी दुकानात पोचवली. आंघोळ केली. सदरा बदलला.

१७ मार्च, सोमवार

पहाटे साडेपाचला आला. सामान दारात ठेवलं, माझ्या पाया पडायला वाकला, माझ्या खांद्यावरच्या कालच्याच रुमालाचं टोक त्याच्या तोंडावर आलं आणि तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं, चक्कर आली. खांद्याला धरलं.

मान वर करून म्हणाला, "अप्पा, काल तुमी कोंबडी भाजली काय?"

कमलम्माला विचारलं. तुळजाबाईला झोपेतून उठवून विचारलं. दोघींनीही त्याला काही सांगितलेलं नाही. हरिओमचाही त्याला फोन आलेला नाही.